मानाची डहाळी

८ नोव्हेंबर १९८१, नाशिक

ही वही सगुणाने दिवाळीत दिली. तिचे म्हणणे, मी घरात नको तितका बोलतो. त्यातले निम्मे वहीला सांगितले तर तिला जरा उसंत मिळेल. बरे. आता वहीची पाळी.

आज भोरसांगवीहून बहिरूआबा आले होते. माझे धाकटे चुलते. दोनदा सरपंच झाले, आणि अजून एसटीच्या कंडक्टरशीही सरपंच असल्यासारखेच बोलतात. चहा पुढे ठेवायच्या आत त्यांनी विषय काढला. आमच्या गावच्या आट्यापाट्यांना यंदा शंभर वर्षे होतात, तर गावात मारुतीसमोरच्या मैदानात एक दगड उभा करायचा, 'आट्यापाट्यांचे जन्मस्थान' असा. मजकूर लिहायचा मी, आणि नाशकात पाथरवटाकडून दगड घडवून घ्यायचा तोही मी. "तू पी.टी.चा मास्तर, खेळातलं तुला कळतं, अक्षरबी चांगलं हाय, आन् पणजाबी तुझाच," आबा म्हणाले. मी हो म्हणालो. खरे तर ते विचारायच्या आतच म्हणालो.

हा खेळ कुठे जन्मला ते देव जाणे. सगळीकडे खेळतात. पण आमच्या गावचा समज असा, की नऊ पाट्यांचा मोजून आखलेला डाव पहिल्यांदा मांडला तो माझ्या पणजोबांनी, चिमाजी पाटलांनी.

सगुणाचे माहेर लासलगावचे. त्यांच्याकडे मुलीबाळींना हा खेळ ठाऊक नाही. तिला समजावून सांगितले. जमिनीवर फूटभर रुंदीच्या आडव्या नऊ पाट्या आखायच्या, दर पाटीवर एक गडी उभा करायचा. समोरच्यांनी पाट्या ओलांडत पलीकडे जायचे आणि परत यायचे. पाटीवरच्याने हात लावला की बाद. आणि या सगळ्यांना मधोमध छेदणारी एक उभी पाटी असते, तिच्यावर पळणारा तो सूर. सूर म्हणजे डावाचा राजा. आमच्या गावात, आणि फक्त आमच्याच गावात, सूर हाताने बाद करत नाही. त्याच्या हातात कडुलिंबाची डहाळी असते. ती लागली की बाद. तिला आम्ही मानाची डहाळी म्हणतो.

"हाताने का नाही मारत पण?" सगुणाने विचारले.

"मान असतो तो."

"हाताला काय झालं?"

मी म्हटले, तुला खेळातले काय कळते. ती भांडी घासायला निघून गेली.

१५ नोव्हेंबर

गावात बैठक झाली. दगडावर मजकुराच्या वर काय कोरायचे यावर तासभर वाद. कोणी मारुती म्हणाला, कोणी नांगर. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मारुती गावोगाव आहे, नांगर तर निवडणुकीतही असतो. डहाळी आपल्याखेरीज कोणाकडे आहे का? टाळ्या पडल्या. ठरले. आबांनी पाठ थोपटली, पण बोलले काहीच नाहीत. आबा गप्प राहिले ही नवलाची गोष्ट म्हणून नोंदवून ठेवतो.

मग माझ्या डहाळीची गोष्ट मला सांगायला लावली. ती मी शंभरदा सांगितली असेल, पण मागितली तर आपण काय करणार. छप्पन सालच्या दिवाळीतली. मी तेरा वर्षांचा. डावात सूर होते मल्हारीबाबा, आता ज्याला भीमनगर म्हणतात त्या वस्तीतले. त्यांच्यासारखा सूर पंचक्रोशीत नव्हता. रंगात आलेला डाव मध्येच थांबवून त्यांनी डहाळी टाकली, ती थेट माझ्या पायापाशी. मी उचलली. ते माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या वर्षापासून गावचा सूर मी. माझ्याआधी वरच्या आळीत सूर झाला नव्हता, आणि इतक्या लहान वयाचा तर गावाने कधी पाहिला नव्हता. गुरूने आपणहून वारसा द्यावा, आणि तोही खालच्या वस्तीतल्या गुरूने वरच्या आळीच्या पोराला, ही आमच्या गावची एकी. हे वाक्य मी दगडावर घेणार होतो, पण लांब होते.

२२ नोव्हेंबर

गोटीराम पाथरवटाला दगडाचे काम दिले. पंचवटीत त्याचे उघडे दुकान, पाटे-वरवंटे, समाध्या, तुळशीवृंदावने. माणूस कमी बोलतो. मजकूर असा:

'आट्यापाट्यांचे जन्मस्थान. नऊ पाट्या व त्यांतील अकरा फुटांचे अंतर ठरवून हा डाव कै. चिमाजी पाटील यांनी शके १८०३ मध्ये येथे प्रथम मांडला. सुराच्या हाती मानाची डहाळी देण्याची प्रथा हे या गावचे भूषण होय.'

'होय' मुळे वजन येते. गोटीरामने डहाळीचे चित्र मागितले. मी कागदावर काढले, सात पाने एका बाजूला, सात दुसऱ्या. तो म्हणाला, लिंबाची पानं अशी समोरासमोर पाठ केल्यासारखी येत नाहीत. मी म्हटले, दगडावर येऊ देत.

६ डिसेंबर

मल्हारीबाबांना पाहुणे म्हणून बोलवायचे माझ्या मनात आहे. शहात्तर वर्षांचे आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून आज मुद्दाम गावी गेलो आणि भीमनगरात पोचलो तर घरात सून विमलाबाई एकट्याच. म्हणाल्या, सगळे नाशिकला गेलेत, आज सहा डिसेंबर ना. माझ्या ध्यानातच नव्हते. सकाळी नाशिकच्या स्टँडवर पांढऱ्या साड्यांची एवढी गर्दी पाहून मी मनात म्हटले होते, आज कुठली जत्रा. विमलाबाईंनी पाणी दिले. मी कार्यक्रमाचे सांगितले, डहाळीचेही सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबांना तुम्हीच सांगा काय ते," आणि आत गेल्या. घाईत असाव्यात.

२० डिसेंबर

शालिमारच्या बसथांब्यावर जयराम भेटला. मल्हारीबाबांचा मुलगा, माझा शाळेतला जोडीदार, आता इथेच सरकारी कचेरीत कारकून. शनिवार-रविवार गावी जातो. पाय असे होते त्याचे, की पाटीवर उभा राहिला तर मांजरसुद्धा पार जायचे नाही. पण सूर व्हायला तो कधी तयार झाला नाही. एकदा सर्वांनी आग्रह केला, मी स्वतः डहाळी पुढे केली, तर मैदान सोडून घरी गेला. आम्ही त्याला दोन वर्षे 'भित्रा' म्हणायचो. मीच चिडवायचो जास्त.

आज त्याला त्याची आठवण करून दिली, गमतीने. तो हसला नाही. म्हणाला, "दगडावर काय काय लिहिलंयस?" मी सगळे तोंडपाठ म्हणून दाखवले. बस आली तसा तो चढला. ती त्याची बस नव्हती, त्र्यंबकची होती.

१० जानेवारी १९८२

आज नाही लिहिले तर मी उद्या हे वेगळेच लिहीन. स्वतःला ओळखतो.

दगड तयार झाला. काल पाहून आलो. डहाळी इतकी सुरेख उतरली आहे की पानांच्या कडांचे दातेसुद्धा बोटाला लागतात. त्याच आनंदात आज सकाळी मल्हारीबाबांकडे गेलो. ओट्यावर उन्हात बसले होते. जयराम आत दाढी करत होता. मी आमंत्रण दिले आणि मजकूर म्हणून दाखवला.

बाबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "डहाळीला मान कोन म्हनलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात, बाबा."

"सगळे म्हंजे वरच्या आळीचे."

मी हसलो. मला वाटले थट्टा करतात.

"मास्तर, तुमच्या पाट्यांमदलं अंतर किती?"

"अकरा फूट."

"अकराच का? धा नाय, बारा नाय?"

इतकी वर्षे मुलांना अकरा फूट घोकायला लावतो, आणि का ते मला ठाऊक नाही.

"सरकारी मोजनीची साखळी तेहतीस फुटाची. तिचे तीन भाग करा. माझा आजा काळू, त्यो मोजनीत साखळी धरायचा. ते कामच आमच्याकडं व्हतं. चिमाजी पाटील आन् त्यो एका वयाचे. खाली गोदागंगेच्या वाळूत दोघांनी मिळून डाव आखला. पाटलाला डोकं व्हतं, आज्याकडं माप व्हतं. तुमच्या मारुतीपुढं नाय, वाळूत. आमच्या वस्तीखाली."

मी वहीत टिपून घेऊ लागलो. अजून मला आनंदच होत होता! नवीन माहिती मिळाली म्हणून.

"आखला, आन् मंग अडलं," बाबा म्हणाले. "खेळ हाताचा. हात लागला तर बाद. पळायला काळूच्या तोडीचं कुनी नाय, सूर त्योच पायजे. पर काळूचा हात कुनाला लागनार? पाटलाच्या पोराला? कुलकर्ण्याच्या? बाद झाल्यावर आंघोळ करून घरात जावं लागंल. तवा चिमाजी पाटलानं बांधावरच्या लिंबाची डहाळी मोडली आन् त्येच्या हातात दिली. म्हनला, ह्येनं लाव. हात लागत नाय, आन् लिंबानं इटाळबी ऱ्हात नाय."

आत जयरामच्या वस्तऱ्याचा आवाज थांबला होता.

"माझा आजा, मंग बाप, मंग मी. तीन पिढ्या डहाळी. मान असता तर तुमच्या आळीच्या पोरांनी कधी का नाय धरली? छप्पन सालापोतर वरच्या आळीचा येकबी सूर नाय. तुम्ही पैले."

मी पहिला. हे मी स्वतःच बैठकीत सांगितले होते, अभिमानाने: माझ्याआधी आमच्या आळीत सूर झाला नव्हता.

"दिवाळीत टाकली होतीत तुम्ही ती..." मी म्हणालो.

"नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. वाटलं डाव खेळावा, खेळानं काय केलंय. डहाळी घेतली आन् हात उचलंना. टाकली. समोर तुम्ही व्हते. उचलली."

"मला वाटलं मला दिलीत."

"ठावं हाय मला. तुमचं तोंड बघितलं ना मी. लय खूश झालते. पोर व्हते. म्हनून बोललो नाय."

पंचवीस वर्षे ते बोलले नाहीत. आणि मी पंचवीस वर्षे ती गोष्ट गावोगाव सांगितली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगितली, सगुणाला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांना सांगितली.

निघताना बाबा म्हणाले, "चिमाजी पाटलाचं नाव असू द्या. काळूचं नसलं तरी माझं म्हननं नाय. पर डहाळी नका कोरू. मानूस मरतो, इसरतं सगळं. दगुड मरत नाय."

दगड कोरून झाला आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. "बघतो," म्हणालो. जयराम दारात येऊन उभा होता, अर्ध्या गालाला साबण.

११ जानेवारी

आईला विचारले. आई आमच्याकडेच असते. म्हटले, तुला डहाळीचे ठाऊक होते का? आई, लंकाबाई, भोरसांगवीत सून म्हणून आली तेव्हा बारा वर्षांची होती. तिला ठाऊक नसेल असे काही त्या गावात नाही.

तिने तांदूळ निवडणे थांबवले नाही. "छप्पन साली तू ती घेऊन नाचत घरी आलास, तर तुझ्या बापाने तुला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. विसरलास?"

विसरलो नव्हतो. मला वाटले होते, सूर झालो म्हणून घातली, सणासारखी.

सगुणाने पहिल्याच दिवशी विचारले होते, हाताला काय झालं. दहा वर्षांच्या पोरानेही विचारले असते. मी सतरा वर्षे पी.टी. शिकवतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन गोटीरामकडे गेलो. भीतभीत विचारले, कोरलेले काढता येते का? मला वाटत होते, नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर फार बरे झाले असते.

तो म्हणाला, "वरचा थर उतरवायचा. डहाळी जाईल, खालची एक ओळ जाईल, बाकी राहील. दोन दिवसांचं काम. तुम्ही सांगा, छिन्नी लावतो."

"विचारून सांगतो."

"कोणाला?" गोटीराम म्हणाला.

१७ जानेवारी

आबांना विचारायला गावी गेलो. वाटेत सगळे बोलणे पाठ केले होते. कांद्याच्या चाळीपाशी उभे राहून ते ऐकत राहिले. मला वाटले होते त्यांना धक्का बसेल.

"मला काय ठावं नाय व्हय?" आबा म्हणाले. "माझ्या वयाच्या सगळ्यांना ठावं हाय."

"मग मान कशाला म्हणता?"

"मंग काय म्हनू? तूच सांग. तुझ्या पोरानं इचारलं तर काय सांगशील तू?" मग जरा नरमाईने म्हणाले, "रंगा, माझ्या आज्यानं त्यांना खेळात घेतलं. त्या काळात दुसरं कोन घेत व्हतं? ह्ये बी बघ की. सव्वीस जानेवारीच्या पत्रिका छापल्यात, पत्रिकेवर डहाळी हाय, पाव्हणे यायचेत. आन् मी काय तुला अडवत नाय. बोलव बैठक. उभा राहा आन् सांग गावाला, माझा पणजा असा व्हता. मी येतो ऐकायला."

बैठक मी बोलावली नाही. बैठकीत मीच डहाळी सुचवली होती.

चहा घेतला. येताना आबांनी कोबीचे गड्डे दिले, तेही घेतले.

१९ जानेवारी

दोन दिवस आबांचे वाक्य उराशी धरून बसलो आहे. त्यांना खेळात घेतलं. बरोबर आहे. त्या काळच्या मानाने पणजोबा सुधारकच म्हणायचे. डहाळी नसती तर काळू खेळलाच नसता. तेव्हा एका अर्थाने डहाळी ही सोय होती, आणि सोय म्हणजे... इथवर लिहिले आणि मागचे पान उलटून बाबांचे बोलणे पुन्हा वाचले. पुढे लिहवत नाही.

संध्याकाळी सी.बी.एस.च्या एसटी स्टँडवर जयराम समोरच आला. बहुतेक माझीच वाट बघत होता.

"बाबा विचारतायत, दगडाचं काय झालं?"

"गोटीरामकडे काम चालू आहे," मी म्हणालो.

हे खोटे नाही. कडा घासायचे काम चालू आहे. पण जयरामचा चेहरा मोकळा झाला. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, आठवीनंतर पहिल्यांदा. म्हणाला, "रंगा, मला वाटलं नव्हतं तू करशील. मी बाबांना म्हणत होतो नका जाऊ कार्यक्रमाला. आता आणतो त्यांना."

तेव्हाच सांगायला हवे होते. तोंड उघडलेही होते. त्याने उसाचा रस मागवला.

२२ जानेवारी

दगड आज ट्रॅक्टरमधून गावी गेला. गोटीरामने गोणपाट गुंडाळताना विचारले, "असाच ना?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याने ओळखले असते तर बरे, असे मनात आले. दुसऱ्याने ओळखावे! मी हो म्हणूनच हलवली होती.

सगुणाला सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "अजून चार दिवस आहेत." दगड गेला, म्हणालो. "मग जयरामभाऊंकडे तरी जा. खरं सांगा. म्हातारा माणूस फसून येईल तिथे."

उद्या जातो.

२४ जानेवारी

काल शाळेत संचलनाची तालीम होती. आज आबांचा निरोप आला, कार्यक्रम ठरला. अनावरण झाल्यावर मी मल्हारीबाबांच्या हाती डहाळी द्यायची. छप्पन सालचा वारसा शिष्याने गुरूला परत करायचा. लोकांना ते फार आवडेल, असे सगळ्यांचे म्हणणे. ही कल्पना आबांची नव्हे. माझी गोष्ट ऐकून ऐकून पोरांनीच काढली आहे.

जयरामकडे गेलो नाही. सगुणा जेवताना माझ्याकडे बघत नाही.

२७ जानेवारी

कालचे सगळे लिहितो. काही गाळायचे नाही.

मारुतीसमोर मांडव. झेंडावंदन झाले, शाळेच्या मुलांनी नऊ पाट्या चुन्याच्या फक्कीने आखल्या होत्या. मी व्यासपीठावर, आबांच्या शेजारी. बरोबर दहाला जयराम बाबांना हाताला धरून घेऊन आला. बाबांनी पांढरे धुतलेले धोतर-सदरा आणि निळी टोपी घातली होती. विमलाबाई आणि भीमनगरातली वीसपंचवीस माणसे मागे उभी राहिली. जयराम मला बघून हसला. मीही हसलो.

पाहुण्यांनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. मी दगडाकडे पाहिले नाही, जयरामकडे पाहत राहिलो. त्याचे हसू एकदम गेले नाही. आधी तो मजकूर वाचत होता, ओठ हलत होते, मग ते थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. वडिलांचा हात धरला आणि त्यांना परत फिरवू लागला.

बाबांना काही दिसले नव्हते. ते म्हणाले, मांडवात शांतता होती म्हणून मला ऐकू आले, "थांब. हात लावून बघू दे."

जयराम नको म्हणत होता. पण बाबा पुढे आले आणि दगडाला हात लावला. अक्षरांवरून बोटे फिरवली. मग हात वर गेला आणि थांबला. एकेका पानावरून बोट गेले. गोटीरामने काढलेल्या दात्यांवरूनसुद्धा. सात इकडची, सात तिकडची. लोकांना वाटले म्हातारा हरखून गेला आहे. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

आबांनी मला कोपराने ढोसले. ताटात डहाळी होती, हळदकुंकू लावलेली, ताजी. निवेदक माझीच गोष्ट सांगत होता, माझ्याच शब्दांत. मी उठलो. उठायला नको होते, ताट खाली ठेवता आले असते, माईक समोरच होता. हे सगळे मला चालता चालता सुचत होते आणि मी चालतच होतो. बाबांना व्यासपीठावर चढवले होते. मी डहाळी हातात घेतली आणि पुढे केली.

ते स्वतःच्या अंगणात असल्यासारखे जवळ आले. डहाळीचा वास आला असेल त्यांना. तिला हात लावला नाही. तिच्यावरून उजवा हात पुढे आणला, चाचपडत, आणि पंजा उघडा माझ्या छातीवर ठेवला. सगळा पंजा. मोठा आणि खडबडीत आणि कोमट. सूर गड्याला लावतो तसा, जोरात नाही, पण लागला की नाही अशी शंका राहू नये इतका.

"मास्तर," ते म्हणाले, "बाद."

मांडव हसला. आबा सगळ्यांत मोठ्याने हसले. पाहुणेही हसले, म्हणाले, वा, या वयातही खेळ अंगातून गेला नाही. बाबा वळले, जयरामने त्यांना उतरवून घेतले. भीमनगरातली माणसे एकेक करून त्यांच्या मागे चालू लागली.

आमच्या खेळात पंच बाद झालेल्याला हाकलत नाही. बाद झालेला गडी स्वतःच्या पायांनी मैदान सोडतो. हा पहिला नियम. दर वर्षी जूनमध्ये मुलांना मी आधी हाच शिकवतो.

मी डहाळी ताटात ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसलो. दोन भाषणे झाली. शेवटी आभार मानायचे कामही माझ्याकडेच होते. मी उठलो, खिशातला कागद काढला आणि मांडववाल्यांपासून सगळ्यांची नावे वाचली. सहावे नाव मल्हारीबाबांचे होते. तेही वाचले. तेव्हा ते पाट्या ओलांडून, नदीकडच्या वाटेने, वस्तीपर्यंत पोचले असतील. बाद मी झालो होतो, आणि मैदान त्यांनी सोडले.